व्हिडिओ खेळांची जुनी वार्तापत्रे

कोणत्याही नव्या कलेचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे एक गोष्ट हटकून अनुभवास येते. त्या कलेच्या बाल्यावस्थेतील जी कागदपत्रे आज सर्वांत उपयोगी पडतात, ती जपून ठेवावीत या हेतूने कुणी निर्माण केलेलीच नसतात. नाटक मंडळ्यांची हस्तपत्रके, मूकपटांच्या जाहिराती, ग्रामोफोन कंपन्यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या याद्या ही या प्रकारच्या साहित्याची परिचित उदाहरणे होत. काम झाले की ती फेकून द्यावयाची, अशीच त्या काळी सर्वांची समजूत असते. पुढे पन्नास वर्षांनी अभ्यासकाला त्यांच्यावाचून गत्यंतर नसते.

व्हिडिओ खेळांच्या इतिहासात हे स्थान वार्तापत्रांना प्राप्त झाले आहे. घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाची यंत्रे अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात विक्रीस आली. अटारी कंपनीचे सर्वांत प्रसिद्ध यंत्र १९७७ साली बाजारात आले. या यंत्रात कार्ट्रिज नावाची एक प्लॅस्टिकची डबी बसविली की खेळ सुरू होई आणि डबी बदलली की खेळही बदले. यंत्रे खपू लागली तशी ती खेळणारांची मंडळे निघाली. या मंडळांच्या सभासदांना टपालाने चार-आठ पानांची पत्रे जाऊ लागली. त्यांपैकी काही पत्रे खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांनी काढली, तर काही खेळाच्या वेडाने झपाटलेल्या तरुणांनी स्वतःच्या खर्चाने काढली. या दोन्ही प्रकारच्या पत्रांचा परिचय करून घेणे आणि इतिहासाचे साधन म्हणून त्यांची योग्यता तपासून पाहणे, हा प्रस्तुत प्रकरणाचा उद्देश आहे.

छायाचित्र पाठवा, बिल्ला मिळवा

आरंभीच्या काळात खेळ रचणाराचे नाव कोणालाही ठाऊक नसे. पुस्तकावर लेखकाचे नाव असावे, हे आपणांस स्वाभाविक वाटते. अटारी कंपनीत मात्र रचनाकारांची नावे जाहीर करण्याची पद्धत नव्हती. वॉरन रॉबिनेट या रचनाकाराने आपल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळातील एका गुप्त दालनात स्वतःचे नाव लपवून ठेवले होते. ही गोष्ट कंपनीला कळली ती सॉल्ट लेक सिटी येथील एका शाळकरी मुलाने पाठविलेल्या पत्रामुळे. खेळणारा आणि रचणारा यांच्यामध्ये त्या वेळी एवढे अंतर होते.

हे अंतर तोडण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न अ‍ॅक्टिव्हिजन या कंपनीने केला. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड हे चार रचनाकार अटारीतून बाहेर पडले आणि जिम लेव्ही यांच्यासमवेत त्यांनी १९७९ साली ही कंपनी स्थापन केली. आपल्या कामाला आपले नाव मिळावे, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. साहजिकच नव्या कंपनीच्या खेळांच्या माहितीपुस्तिकेत रचनाकाराचे नाव छापले जाऊ लागले. १९८१ पासून कंपनीने ‘अ‍ॅक्टिव्हिजन्स’ नावाचे वार्तापत्र सुरू केले. नव्या खेळांची माहिती, खेळण्यासंबंधी सूचना आणि वाचकांचा पत्रव्यवहार असा मजकूर त्यात येई.

या पत्रव्यवहाराचा कणा म्हणजे कापडी बिल्ल्यांची योजना होय. प्रत्येक खेळासाठी एक विशिष्ट गुणसंख्या ठरविलेली असे. ती गाठणाराने दूरचित्रवाणीच्या पडद्याचे छायाचित्र काढून कंपनीकडे पाठवावयाचे. मग कंपनीकडून त्याला अभिनंदनाचे पत्र आणि सदऱ्यावर शिवून घेण्याजोगा एक भरतकामाचा बिल्ला येई. ‘पिटफॉल’ या १९८२ सालच्या खेळात २०,००० गुण मिळविणारा शोधक मंडळाचा सभासद होई. ‘फ्रीवे’ या खेळात वाहनांच्या गर्दीतून कोंबडीला रस्ता ओलांडावयास लावावयाचा असतो. त्यात वीस वेळा यश मिळविणाराला कोंबडी-बचाव प्रतिष्ठानाचे सभासदत्व मिळे. पदव्या विनोदी असत, परंतु त्यामागील व्यवहार गंभीर होता. घरात एकट्याने खेळणाऱ्या मुलाच्या पराक्रमाला साक्षीदार नसे; तो साक्षीदार टपालाने मिळवून देण्याची ही व्यवस्था होती.

इतर कंपन्यांनी हाच मार्ग अनुसरला. इमॅजिक या कंपनीने आपल्या मंडळाला ‘बधिर अंगठ्यांचे मंडळ’ असे नाव दिले आणि त्याचे वार्तापत्रही त्याच नावाने निघे. तासन्‌तास दांडा धरून आणि कळ दाबून अंगठा बधिर झालेल्या खेळाडूला हे नाव आपलेसे वाटले असल्यास नवल नाही. अटारीनेही १९८२ साली ‘अटारी एज’ हे आपल्या मंडळाचे मासिकाच्या धर्तीचे द्वैमासिक काढले. मंडळाच्या सभासदांना काही वस्तू विशेष म्हणून मिळत. ‘सोर्डक्वेस्ट’ या नावाने चार खेळांची एक मालिका योजलेली होती. खेळाबरोबर चित्रकथेची पुस्तिका मिळे आणि खेळातील खुणांच्या साहाय्याने त्या पुस्तिकेत दडविलेले शब्द शोधून काढणारांसाठी पंचवीस-पंचवीस हजार डॉलर किमतीची बक्षिसे जाहीर झाली होती. या मालिकेतील तिसरा खेळ आरंभी मुख्यतः मंडळाच्या सभासदांनाच विकण्यात आला. चौथा खेळ त्या काळी प्रसिद्धच झाला नाही. त्याचे कारण पुढे येईल.

ही पत्रे जाहिरातीसाठीच निघत होती, हे उघड आहे. ती वाचताना या गोष्टीचे विस्मरण होता कामा नये. तथापि जाहिरातदारालाही आपल्या ग्राहकाचे मन जाणावे लागते आणि म्हणून त्या ग्राहकाचे चित्र या पानांतून जितके स्पष्ट उमटते, तितके ते खेळांतून उमटत नाही.

अदृश्य शाईचा व्यवसाय

काही खेळ असे होते की, त्यांत हाताच्या चपळाईपेक्षा बुद्धीची कसोटी लागे. मॅसॅच्युसेट्‌स तंत्रज्ञान संस्थेतील मंडळींनी १९७९ साली स्थापन केलेल्या इन्फोकॉम कंपनीच्या ‘झोर्क’ या खेळात चित्रे मुळीच नव्हती. भूमिगत साम्राज्याचे वर्णन पडद्यावर अक्षरांत उमटे आणि खेळणाराने आपली आज्ञा शब्दांत लिहावयाची असे. एखादे कोडे सुटले नाही की पुढचा रस्ता बंद. साहजिकच मदतीची याचना करणारी पत्रे कंपनीकडे येऊ लागली.

या पत्रांना उत्तरे देण्याचे काम माइक डॉर्नब्रुक यांच्याकडे आले. झोर्क खेळून त्यातील दोष दाखविण्याचे काम त्यांनी पूर्वी केले होते. १९८१ साली त्यांनी झोर्क खेळणारांचा संघ स्थापन केला. नकाशे, भित्तिचित्रे आणि सूचना टपालाने विकावयाच्या, असा हा उद्योग होता. त्यातूनच सूचनांच्या पुस्तिकांची एक नामी कल्पना निघाली. पुस्तिकेत प्रश्न साध्या शाईने छापलेले असत आणि उत्तरे अदृश्य शाईने. सोबत मिळणाऱ्या लेखणीने कागद घासला की एकेक ओळ दिसू लागे. उत्तरेही पायरीपायरीने दिलेली असत. पहिल्या ओळीत नुसता इशारा, शेवटच्या ओळीत पूर्ण उलगडा. कोड्यातील आनंद नाहीसा होऊ न देता मदत कशी करावी, या प्रश्नाचा इतका नेमका विचार क्वचितच कुणी केला असेल.

या संघाच्या वार्तापत्राचे नाव ‘द न्यू झोर्क टाइम्स’ असे होते आणि पुढे ते खुद्द इन्फोकॉम कंपनीतर्फे निघू लागले. न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध दैनिकाच्या नावाचे हे विडंबन होते. १९८६ साली त्या दैनिकाने हरकत घेतली आणि वार्तापत्राला आपले नाव बदलावे लागले. नवे नाव ‘द स्टेटस लाइन’ असे ठेवण्यात आले. खेळताना पडद्याच्या सर्वांत वरच्या ओळीत खेळणाराचे स्थान आणि गुण दिसत. त्या ओळीला हे नाव होते. त्याच वर्षी इन्फोकॉम अ‍ॅक्टिव्हिजनच्या मालकीची झाली आणि १९८९ साली तिचे केंब्रिज येथील कार्यालय बंद पडले. तिची कथा सांगावयाची तर वार्तापत्राचे अंक हाताशी असावे लागतात. कारण खेळणारी मंडळी कोठे अडत होती, कशावर हसत होती आणि काय मागत होती, याची नोंद तेथेच सापडते.

मंदीतील एक अखंड नोंदवही

१९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ खेळांचा बाजार कोसळला. सुमार दर्जाच्या खेळांचा पूर आला होता, दुकानांतून न खपलेल्या मालाचे ढीग पडले होते आणि घरगुती संगणकांचे दर खाली येत होते. एकट्या अटारीला त्या वर्षी ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. १९८४ साली त्या कंपनीचा घरगुती विभाग विकण्यात आला. ‘अटारी एज’ बंद पडले, सोर्डक्वेस्ट मालिका अपुरी राहिली आणि वृत्तपत्रविक्रेत्यांच्या फळ्यांवरील या विषयाची बहुतेक मासिके दिसेनाशी झाली. अभ्यासकाच्या दृष्टीने ही स्थिती दुहेरी हानीची आहे. ज्या काळात काय घडले हे जाणून घेण्याची अत्यंत आवश्यकता, त्याच काळाची नोंद ठेवणारे कोणी नाही.

या पोकळीत एक वार्तापत्र टिकून राहिले. सेलेस्ट डोलन आणि मेरीलू बॅडो या दोघींनी १९८२ साली लॉस एंजेलिस परिसरातून ते सुरू केले. प्रथम ‘द व्हिडिओ गेम अपडेट’ आणि नंतर ‘कॉम्प्युटर एंटरटेनर’ या नावाने ते १९९० पर्यंत निघत राहिले. त्याचे रूप अगदी साधे होते. रंगीत मुखपृष्ठ नाही, छायाचित्रांची आरास नाही; दाट टंकलेला मजकूर, खेळांची परीक्षणे आणि कोणता खेळ कोणत्या महिन्यात मिळेल याची यादी. ही रुक्ष यादीच आज त्या वार्तापत्राचे सर्वांत मौल्यवान अंग ठरली आहे. मालाच्या आगमनाची तारीख नोंदवून ठेवणे हे दुकानदारीचे काम आहे, इतिहासलेखनाचे नव्हे. परंतु कालक्रम जुळविण्यासाठी इतिहासकाराला अशाच नोंदी शोधाव्या लागतात.

मंडळातून मासिकाकडे

बाजार पुन्हा उभा राहिला तो निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या यंत्रामुळे. हे यंत्र अमेरिकेत प्रथम १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क परिसरात विक्रीस आले. १९८७ साली कंपनीने आपल्या मंडळाचे ‘निन्टेन्डो फन क्लब न्यूज’ हे वार्तापत्र सुरू केले. ते विनामूल्य असे. मंडळाचे अध्यक्ष म्हणून हॉवर्ड फिलिप्स यांचे नाव आणि चेहरा मुलांच्या परिचयाचा झाला. थोड्याच काळात सभासदांची संख्या इतकी वाढली की, एवढ्या लोकांना फुकट पत्र पाठवीत राहणे परवडणारे नव्हते. सात अंकांनंतर हे वार्तापत्र बंद करण्यात आले आणि १९८८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गेल टिल्डन यांच्या संपादकत्वाखाली ‘निन्टेन्डो पॉवर’ हे वर्गणीचे मासिक निघाले. त्याच्या पहिल्या अंकाच्या ३६ लाख प्रती काढण्यात आल्या व मंडळाच्या सर्व सभासदांना तो भेट म्हणून गेला. २०१२ च्या डिसेंबरमध्ये हे मासिक बंद पडले, तेव्हा त्याचे २८५ अंक निघालेले होते.

येथे एक फरक ध्यानात ठेवणे जरूर आहे. कंपनीच्या मालकीच्या मासिकात कंपनीच्या खेळांवर कठोर टीका येण्याची शक्यता नसते. निन्टेन्डो पॉवरमधील नकाशे अत्यंत काळजीपूर्वक तयार केलेले असत आणि ते विश्वसनीय आहेत. एखादा खेळ खरोखरच कसा होता, हे ठरविण्यासाठी मात्र त्यातील प्रशंसेवर विसंबता येत नाही. त्यासाठी ज्यांचा काही स्वार्थ नव्हता अशा पत्रांकडे वळावे लागते.

हाताने लिहिलेली पाने

टोकिओच्या उपनगरात वाढलेल्या सातोशी ताजिरी या तरुणाने १९८३ साली ‘गेम फ्रीक’ नावाचे पत्र काढले. त्याचे वय त्या वेळी अठराच्या आसपास होते. नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांच्या दालनांत त्याचा दिवस जाई. कोणत्या खेळात कोणती युक्ती चालते, गुण कसे वाढतात, लपविलेल्या गोष्टी कोठे आहेत, हे तो हाताने लिहून काढी, त्याच्या छायाप्रती घेई आणि पानांना पिना मारून अंक विकी. असा एक अंक केन सुगिमोरी या तरुणाच्या हाती पडला. चित्रे काढण्याची आवड असलेल्या सुगिमोरीने ताजिरीशी संपर्क साधला आणि तो त्या पत्राचा चित्रकार झाला.

बाजारातील बरेचसे खेळ आपल्या मनासारखे नाहीत, तर ते आपणच का करू नयेत, असा विचार या मित्रांच्या मनात आला. १९८९ साली त्यांनी कंपनी स्थापन केली आणि तिला आपल्या पत्राचेच नाव दिले. त्याच वर्षी त्यांचा ‘क्विन्टी’ हा पहिला खेळ प्रसिद्ध झाला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी याच कंपनीने रचलेले ‘पोकेमॉन’ मालिकेचे पहिले खेळ जपानमध्ये विक्रीस आले. आज जगभर मुलांच्या ओठी असलेल्या त्या नावाचा उगम पिना मारलेल्या पानांत आहे.

मराठी वाचकाला यात काही ओळखीचे वाटेल. चक्रमुद्रित पानांवर निघालेल्या आपल्याकडील अनियतकालिकांनीही प्रस्थापित मासिकांत जागा न मिळालेल्या लेखकांना वाचक आणि सोबती मिळवून दिले होते. विषय अगदी निराळे, परंतु कागद, टपालहशील आणि समानधर्मी माणूस शोधण्याची ओढ हे साहित्य तेच.

अमेरिकेतही या जातीची पत्रे होती. किंबहुना तेथील व्यावसायिक मासिकांचे मूळही हौशी पत्रांत होते. १९८१ साली ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे मासिक काढणारे आर्नी कॅट्‌झ, बिल कन्केल आणि जॉइस वर्ली हे तिघेही विज्ञानकथाप्रेमींच्या हौशी पत्रांच्या परंपरेत तयार झालेले होते. १९९० च्या सुमारास, अटारीच्या काळातील खेळ दुकानांतून नाहीसे होऊन जुन्या बाजारात दिसू लागले, तेव्हा संग्राहकांची पत्रे निघाली. १९९१ साली न्यू जर्सीत सुरू झालेले ‘डिजिटल प्रेस’ हे त्यांतील एक प्रमुख पत्र होय. कोणते खेळ निघाले होते याची संपूर्ण यादी त्या वेळी कोणाजवळच नव्हती. या पत्रांच्या वाचकांनी आपापल्या संग्रहातील नोंदी कळवून ती हळूहळू सिद्ध केली. डिजिटल प्रेसचे एक संस्थापक जो सँटुली यांनी पुढे जॉन हार्डी आणि शॉन केली यांच्यासह टेक्सास राज्यातील फ्रिस्को येथे राष्ट्रीय व्हिडिओ खेळ संग्रहालय उभे केले. ते २०१६ साली खुले झाले.

साक्षीदाराची उलटतपासणी

अशा कागदांवर किती भरवसा ठेवावा, हे दोन उदाहरणांवरून समजून येईल.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी प्रसिद्ध झाला, याविषयी वाद नाही. अमेरिकेत तो नेमका केव्हा आला? इतक्या प्रसिद्ध खेळाची तारीख सहज सापडेल असे वाटते. परंतु इतिहासकार फ्रँक सिफाल्डी यांनी २०१२ साली या प्रश्नाचा शोध घेतला, तेव्हा काही पुरावे ऑक्टोबर १९८५ कडे, तर काही त्यानंतरच्या महिन्यांकडे बोट दाखवितात असे त्यांना आढळले आणि निःसंदिग्ध निर्णय देणे त्यांना शक्य झाले नाही. या चौकशीत त्या काळातील जाहिराती आणि कॉम्प्युटर एंटरटेनरसारख्या वार्तापत्रातील नोंदी यांनाच साक्षीला बोलवावे लागते. लक्षावधी प्रती खपलेल्या वस्तूची जन्मतारीख शोधण्यासाठी थोड्या वर्गणीदारांचे एक साधे पत्रक चाळावे लागावे, यावरून त्या पत्रकाचे मोल कळते.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. अ‍ॅक्टिव्हिजनच्या ‘ड्रॅगस्टर’ या १९८० सालच्या खेळात शर्यत कमीत कमी वेळात पूर्ण करावयाची असते. १९८२ साली एका खेळाडूचा ५.५१ सेकंदांचा विक्रम कंपनीने मान्य केला आणि तो पस्तीस वर्षे अबाधित राहिला. २०१७ साली एका अभ्यासकाने त्या खेळाच्या मूळ आज्ञावलीचे पृथक्करण केले. त्याच्या मते ५.५७ सेकंदांपेक्षा कमी वेळ त्या आज्ञावलीनुसार शक्यच नाही. आपला विक्रम खरा असल्याचे खेळाडूने सांगितले. तरी विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने २०१८ साली तो रद्द केला. कंपनीने त्या काळी एखादी गुणसंख्या मान्य केली, याचा अर्थ कंपनीचा तीवर विश्वास बसला एवढाच होतो. ती गुणसंख्या घडलीच होती, असा होत नाही. बखरीकडे आणि शिलालेखाकडे आपण ज्या सावधगिरीने पाहतो, तीच येथेही बाळगली पाहिजे.

जतनाचा प्रश्न

या कागदांचे महत्त्व वाढण्यास आणखी एक कारण आहे. खेळ स्वतःच दुर्मिळ होत चालले आहेत. २०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसून आले की, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ संशोधकांना दूरस्थ पद्धतीने पाहू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ साली अमान्य केली. मूळ ग्रंथ हाती नसताना त्यावरील टीकेवरूनच त्याचा अंदाज बांधावा लागावा, तशीच ही अवस्था आहे.

दुर्दैवाने टीकाग्रंथांची स्थितीही फारशी सुरक्षित नाही. वार्तापत्रे हलक्या कागदावर छापलेली, टपालासाठी घडी घातलेली आणि मुलांच्या हातून फाटलेली असतात. ग्रंथालयांनी ती कधी वर्गणी भरून मागविली नव्हती. त्यावर मालकी हक्काचा प्रश्न निराळाच. २०१६ साली ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेच्या संग्रहात सर्वांना वाचता येत असलेले निन्टेन्डो पॉवरचे आरंभीचे शंभराहून अधिक अंक कंपनीच्या सांगण्यावरून काढून घ्यावे लागले.

तथापि चित्र सर्वस्वी निराशेचे नाही. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयात इलेक्ट्रॉनिक खेळांच्या इतिहासाचे केंद्र असून तेथे खेळांबरोबर कागदपत्रेही जपली जातात. सिफाल्डी यांनी २०१७ साली स्थापन केलेल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जानेवारी २०२५ मध्ये आपले अंकीय ग्रंथालय खुले केले. त्यात दीड हजारांहून अधिक जुने अंक शब्दवार शोधता येतात. कॉम्प्युटर एंटरटेनरचे हक्कही या संस्थेने मिळविले आणि त्याचे अंक सर्वांना मुक्तपणे वापरता येतील अशी व्यवस्था केली. डोलन आणि बॅडो यांनी महिन्यामागून महिना टंकून काढलेल्या त्या याद्या आता कोणत्याही देशातील विद्यार्थ्याला उपलब्ध आहेत.

संग्रहालये आणि ग्रंथालये यांचे काम येथपर्यंत आले असले, तरी बहुसंख्य अंक अजून खाजगी घरांतच आहेत. माळ्यावरच्या पेटीतील बिल्ला जपला जातो, कारण तो शोभेची वस्तू आहे. त्या बिल्ल्याबरोबर पाकिटातून आलेले पत्र आणि चार पानांचे वार्तापत्र मात्र रद्दीत जाते. त्या पत्रावर तारीख असते. वार्तापत्रात त्या महिन्याच्या खेळांची नावे असतात. म्हणून पेटी उघडणाराने प्रथम पाकीट जपले पाहिजे.